हेल काढणाऱ्या बायकांची विद्या

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गावांत मृताच्या उशाशी बसून विलाप करण्याची जी जुनी विद्या होती, ती विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास निवर्तली. नेमकी तिथी सांगता येत नाही. एखाद्या गावातली शेवटची जाणती म्हातारी गेली की त्या गावापुरती विद्या संपे, आणि अशी ती गावोगाव, कित्येक वर्षं, थोडी थोडी संपत राहिली. वय विचाराल तर हजार वर्षांच्या पुढचं. आयरिश भाषेत तिला 'क्वीन्या' म्हणत. इंग्रजी जिभेला ते नाव जड गेलं आणि त्याचं 'कीन' झालं. मग विलापाला 'कीन', विलाप करण्याला 'कीनिंग' आणि तो करणाऱ्या बाईला 'कीनर' असे शब्द रुळले.

इंग्रजीत रडण्यासाठी शब्दांची वाण नाही. मुसमुसणं, हुंदके देणं, टाहो फोडणं, अश्रू ढाळणं, प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. त्यातले काही त्या भाषेच्या घरचे, काही फ्रेंचच्या वाटेने आलेले. 'कीन' मात्र शेजारच्या बेटावरून आला. मुळात तो एकट्यादुकट्याच्या रडण्याचा शब्दच नव्हता. मयताच्या घरी, चारचौघांत, ठरलेल्या रीतीने, शब्दांत आणि सुरांत बांधलेल्या विलापाचं ते नाव होतं. जुन्या आयरिशमध्ये शोक करणं या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यापासून ते आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी लिखाणात दिसू लागलं. त्याच अक्षरांचा, तीक्ष्ण किंवा उत्सुक अशा अर्थाचा दुसरा एक शब्द इंग्रजीत आधीपासून होता. त्याचं कूळ जुन्या इंग्रजीतल्या 'धीट' या अर्थाच्या शब्दाशी लागतं. दोघांत नातं काही नाही, योगायोगाने एका दाराशी उभे राहिलेले हे दोन परके.

शब्द येण्याच्या कितीतरी आधी इंग्रजांच्या कानावर तो आवाज पडला होता. डब्लिनचे रिचर्ड स्टॅनिहर्स्ट यांनी १५७७ साली आयर्लंडचं जे वर्णन छापलं, त्यात 'आयरिश रडणं' हा वाक्प्रचार या अंत्ययात्रांवरूनच पडला असावा असं नोंदवलं आहे. वरवरचं, दाखवायचं रडणं असा त्याचा अर्थ होई. कवी एडमंड स्पेन्सर आयर्लंडातच, कॉर्क परगण्यात राहायचे. त्यांनीही १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात इथल्या दफनाच्या वेळच्या बेसुमार आक्रोशाबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भाषा येत नसेल तर त्या आवाजातली कविता कशी कळणार? ऐकणाऱ्याला फक्त गलका ऐकू येत होता, आणि त्यांनी गलकाच लिहून ठेवला.

या विद्येच्या जन्माची कथा आयरिश लोकांनी फार सुरेख सांगितली आहे. मॉयतुराच्या दुसऱ्या लढाईची एक प्राचीन गोष्ट आहे. तीत ब्रिग नावाच्या देवीचा मुलगा रुआदान शत्रूच्या लोहाराला मारायला जातो आणि त्याच लोहाराच्या भाल्याने मारला जातो. आई धावत येते आणि मुलासाठी हंबरडा फोडते. आयर्लंडात रडणं आणि विलाप पहिल्यांदा ऐकू आला तो त्या वेळी, असं ती गोष्ट सांगते. म्हणजे या घराण्याची मूळ स्त्री देवी होती, आणि तीसुद्धा पुत्रशोकात बुडालेली आई. पुढच्या सगळ्या कीनर बायका तिच्याच वंशातल्या मानायला हरकत नाही.

आता या विद्येच्या कामाविषयी.

माणूस गेला की घरातलं घड्याळ थांबवत, आरसे झाकत, खिडकी उघडत. शेजारच्या बायका येऊन प्रेताला स्नान घालत, नीट कपडे चढवत आणि टेबलावर किंवा पलंगावर निजवत. हे होईपर्यंत कोणी मोठ्याने रडायचं नाही, असा कडक नियम होता. लवकर आवाज चढवला तर सैतानाचे कुत्रे जागे होतील आणि वाटेला लागलेल्या आत्म्याच्या मागे धावतील, अशी समजूत होती. मला या नियमामागे शहाणपण दिसतं. आधी हातांनी करायची कामं उरकून घ्यायची, मग गळा मोकळा करायचा. प्रेत नीट निजवलं की कीनर बायका पुढे होत. केस सोडलेले, अंग पुढेमागे डुलतं, मधूनच तळहात एकमेकांवर आपटत त्या प्रेताभोवती बसत आणि थोरली कीनर सुरुवात करी.

तिच्या गाण्याचे तीन भाग जाणकार सांगतात. आधी मृताला हाक. तीही नुसती नावाने नव्हे. माझ्या मित्रा, माझ्या वासरा, माझ्या सोन्या अशा लाडाच्या संबोधनाने. मग चरण. त्यात त्याचं कूळ, घर, रूप, हाताचं दातृत्व, घोड्यावरची बैठक, शेतीतलं कसब, केलेली लग्नकार्यं, राहून गेलेल्या गोष्टी. हे सगळं तिथल्या तिथे रचायचं. चरण संपला की तिसरा भाग, ज्याला 'गोल' म्हणत, म्हणजे शब्द नसलेला आक्रोश. तो सगळ्या बायका मिळून उचलून धरत. ओखोन, उलुलू असे त्याचे ध्वनी. मग आवाज खाली येई, थोडी शांतता होई आणि पुढची बाई नवा चरण सुरू करी.

चरण रचायलाही एक बांधणी होती. ओळ आखूड, दोन-तीन आघातांची. कडव्यात ओळी किती असाव्यात याचं बंधन नव्हतं. जे सांगायचं ते संपेपर्यंत कडवं लांबे. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या आघाताला एकच स्वर ठेवायचा आणि तो कडवं संपेस्तोवर सोडायचा नाही. मानेवर शोक बसलेला असताना, समोर प्रेत असताना, घरभर माणसं असताना हे साधायचं. नवशिकीला ते जमत नसे. आईचं, आत्याचं, गावातल्या म्हातारीचं ऐकून ऐकून ओळींचा साठा होई. ठेवणीतल्या काही ओळी कुणालाही लागू पडणाऱ्या असत, आणि त्यांत या माणसाची खास अशी गोष्ट गुंफली की चरण उभा राही. रोजच्या भाकरीच्या पिठात आजची चिमूटभर वेगळी चव घालावी, तसं ते होतं.

ते काम करणारे हात कोणाचे होते? बहुतेक गरीब बायकांचे. पुष्कळदा विधवांचे. मोठ्या घरच्या कवींना आश्रयदाते असत. ते सरदारांच्या मृत्यूवर दरबारी छंदात विलापिका लिहीत, आणि त्या हस्तलिखितांत टिकल्या. कीनरकडे कागद नव्हता. मोबदला म्हणून तिला व्हिस्कीचा घोट, तंबाखू, चहा, थोडं धान्य आणि जमल्यास काही नाणी मिळत. पैसे घेते म्हणजे खोटं रडते, असा आक्षेप बाहेरच्यांनी अनेकदा घेतला. माझ्या मते तो आक्षेप त्या कामाला लागू पडत नाही. सुईण पैसे घेते म्हणून मूल खोटं जन्मत नाही. घरच्या माणसाचा गळा आतून दाटलेला असतो, त्याला शब्द सापडत नाहीत. कीनर ते शब्द शोधून देई आणि आवाज पुढे करी, मग घरची लेक, सून, बहीण त्या आवाजाच्या आधाराने रडू शके. दुःख तिचं नसेल. ते वाहून नेण्याची जबाबदारी मात्र तिची असे, आणि ती तिने चोख बजावली.

हे आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये. आपल्याकडेही मयताच्या घरी येणारी बाई गल्लीच्या तोंडापासून हेल काढते, आणि त्या हेलात मृताला नात्याने हाक मारून त्याच्या गोष्टी सांगते. रुदाली म्हटलं की राजस्थान आणि १९९३ सालचा कल्पना लाजमींचा चित्रपट आठवतो. कालिदासाने रतीला आणि अजाला विलाप करायला लावलं, त्याला आपण महाकाव्य म्हणतो. आयर्लंडची कीनर या सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी उभी होती: रुदालीसारखी बोलावलेली, गल्लीतल्या आत्याइतकी जवळची, आणि उत्तम दिवशी कालिदासाच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेची.

ही शेवटची गोष्ट सिद्ध करणारं एक काव्य सुदैवाने हाती लागलं आहे.

आर्ट ओ लीरी हा कॉर्क परगण्यातला तरुण. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या फौजेत हंगेरियन घोडदळाचा कप्तान होऊन परतलेला, रुबाबदार, थोडा तापट. त्या काळी १६९५ च्या कायद्यानुसार कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा बाळगता येत नसे; कोणी प्रोटेस्टंट पाच पौंड पुढे करील तर घोडा द्यावा लागे. परगण्याचे माजी शेरीफ एब्राहम मॉरिस यांच्याशी आर्टचं आधीपासून बिनसलं होतं. त्यांनी त्याच्या घोडीसाठी पाच पौंड देऊ केले आणि आर्टने नकार दिला, अशी कथा आहे. त्याला कायद्याबाहेरचा ठरवण्यात आलं. ४ मे १७७३ रोजी कॅरिगनिमा या खेड्याजवळ सैनिकांच्या गोळीने तो मेला. वय सव्वीस.

त्याची बायको आयलीन दुव नी खोनिल ही डेरीनेनच्या ओकॉनेल घराण्यातली. पुढे आयर्लंडचा मोठा नेता झालेला डॅनियल ओकॉनेल हा तिचा भाचा. घरच्यांच्या मनाविरुद्ध तिने आर्टशी लग्न केलं होतं. त्या दिवशी तपकिरी घोडी स्वाराशिवाय घरी आली. आयलीनने उंबऱ्यातून झेप घेतली, खोगिरावर चढली आणि घोडी नेईल तिकडे गेली. नवरा झुडपाशी पडलेला. त्याचं रक्त जमिनीवर वाहत होतं; तिने ते पुसलं नाही, ओंजळीत घेऊन प्यायली. तिच्या विलापात हे सगळं आहे. मॅक्रूमच्या बाजारात त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे कसे त्याच्यावर खिळले, त्याने घरात तिच्यासाठी काय काय केलं, तिच्या पोटात तिसरं मूल आहे, पहिली दोन आता बाबा कुठे म्हणून विचारतील. शोक, प्रेम, घराचा अभिमान आणि सूडाची आच एकाच आखूड ओळींच्या चालीत येते.

त्या काव्यातला मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग भांडणाचा आहे. प्रेत घरात असताना आर्टची बहीण आली आणि तिने आपल्या चरणात टोमणा मारला, की मी आले तेव्हा ही बायको निजलेली होती. आयलीनने पुढच्या चरणात उत्तर दिलं: झोप लागली म्हणून गेले नव्हते, मुलं रडत होती, त्यांना निजवत होते. दोन बायका, एक प्रेत, आणि सगळं भांडण छंदात. घरोघरीचं आहे हे. फक्त ते इथे कवितेत चाललं आहे आणि भोवती बसलेले लोक दोन्ही बाजूंचा न्याय मनात करत आहेत. कीनचं एक मोठं काम हेही होतं. एरवी बाईने चारचौघांत बोलायचं नाही ते तिथे बोलता येई. नवऱ्याचा जाच, सासरचा कंजूषपणा, जमिनीचा तंटा, अधिकाऱ्याचा अन्याय, सगळं मृताच्या साक्षीने. शोकात असलेल्या बाईला अडवायचं कोणी, असा तो संकेत.

हे काव्य कागदावर कसं आलं तेही सांगायला हवं, कारण इथे पुन्हा एका कीनरचाच हात आहे. मिलस्ट्रीट भागातल्या नोरा नी हिंडिल, इंग्रजीत नोरी सिंगलटन, या बाई स्वतः कीनर होत्या. त्यांच्या तोंडून ते विलापगीत लिहून घेण्यात आलं, तेही दोनदा, बऱ्याच दशकांच्या अंतराने. आयलीनने हे सगळं एकटीने रचलं, की मयताच्या रात्री अनेकींच्या तोंडून ते घडत गेलं आणि पुढे कीनर बायकांनी त्याला आकार दिला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वाद चालू राहो. मला एवढं स्पष्ट दिसतं की नोराबाईंची स्मरणशक्ती नसती, तर अठराव्या शतकातलं आयरिश भाषेतलं सर्वांत गाजलेलं काव्य त्यांच्यासोबतच पुरलं गेलं असतं.

कीन फक्त मेलेल्यांसाठी होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात मुलं अमेरिकेला निघत, तेव्हा आदल्या रात्री घरात मयताच्या रात्रीसारखाच जागर होई. नाच, गाणं, पेय, आणि पहाटे निघायची वेळ झाली की म्हाताऱ्या बाया त्या जिवंत मुलासाठी कीन करत. बहुतेकांना पुन्हा भेटणं नव्हतंच. त्याला 'अमेरिकन जागर' असं नाव पडलं. जहाजाच्या वाटेवरच्या त्या पोरांनी स्वतःच्या मृत्यूचं गाणं कानांनी ऐकलं आणि मग ती बॉस्टनला, न्यूयॉर्कला जाऊन कामाला लागली.

या विद्येची प्रकृती कशी खालावली, हेही थोडक्यात. चर्चच्या सभांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांत कीनिंगबद्दल नापसंतीचे ठराव केले. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे: ज्यांची श्रद्धा पुनरुत्थानावर, त्यांना असा आक्रोश निराशेसारखा वाटला. त्या ठरावांनंतरही कीन चालूच राहिलं. मग १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. स्किबरीनसारख्या गावांत तळाला बिजागरी असलेली एकच शवपेटी पुन्हा पुन्हा वापरली गेली: खड्ड्यावर नेऊन तळ उघडायचा, प्रेत खाली, पेटी परत. जिथे निजवायला टेबल नाही आणि बसायला शेजारी नाही, तिथे कीन कोण करणार? आणि त्या दुष्काळात सर्वांत जास्त गेली ती आयरिश बोलणारी गरीब माणसं. शाळा इंग्रजीत होत्या, परदेशी जाऊन पोट भरायचं तर इंग्रजी हवं होतं, आणि घरोघरी आईबापांनी मुलांशी तीच भाषा धरली. कीन त्या दुसऱ्या भाषेत गेलं नाही. तो एका अखेरच्या आघातावर धरलेला स्वर इंग्रजीत टिकत नव्हता.

इंग्रजीने मात्र तिची विचारपूस केली. कॉर्कचे टॉमस क्रोफ्टन क्रोकर यांनी दक्षिण आयर्लंडातली कीन गोळा करून १८४४ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ पासून अरान बेटांवर जात-येत राहिले. इनिशमान बेटावर त्यांनी एका ऐंशी ओलांडलेल्या म्हातारीचं दफन पाहिलं आणि त्याचं वर्णन १९०७ च्या आपल्या पुस्तकात केलं. कबरीभोवती म्हाताऱ्या बसलेल्या, एकामागून एक चरण उचलणाऱ्या, डुलत डुलत कपाळ समोरच्या दगडाला टेकवणाऱ्या. सिंग यांना वाटलं की हे रडणं त्या एका म्हातारीसाठी नाही. समुद्र आणि वारा यांच्या तोंडाशी जगणाऱ्या साऱ्या बेटाचा संताप त्यातून बाहेर येतो आहे. मला त्याच्या पुढची ओळ जास्त आवडते: दफन झाल्यावर सगळे जण गप्पा मारत, थट्टा करत घरी परतले, जणू धक्क्यावरून येत आहेत. कीनने आपलं काम करून माणसांना मोकळं केलं होतं.

विसाव्या शतकात गावोगाव हिंडणाऱ्या लोकसाहित्य संग्राहकांना कीन ऐकवायला बायका तयार नसत. पुढ्यात प्रेत नसताना ते म्हणणं अशुभ. त्यातूनही काहींनी म्हणून दाखवलं. डोनेगॉलमधल्या ग्वीडोर इथल्या किटी गॅलगर यांनी १९५१ साली अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यासाठी मेलेल्या बाळावरचं कीन गायलं. सिडनी रॉबर्टसन कॉवेल यांनी अरान बेटांवर जमवलेल्या गाण्यांची तबकडी १९५७ मध्ये निघाली, तीतही एक कीन आहे. ऐकलं तर चकित व्हायला होतं. आरडाओरडा मुळीच नाही. आवाज लहान, खालच्या पट्टीतला, बाळाला थोपटताना असतो तसा. शेवटच्या कीनर ज्या दिवशी रेकॉर्डिंगपुढे बसल्या, त्या दिवशी स्टॅनिहर्स्ट आणि स्पेन्सर यांना न ऐकू आलेलं काहीतरी अखेर जगाला ऐकायला मिळालं.

या विद्येच्या पश्चात मोठा परिवार आहे. शब्दकोशातला तो शब्द आहे, जो कादंबरीकार आता वाऱ्यासाठी आणि समुद्रपक्ष्यांसाठी वापरतात. 'बॅन्शी' आहे, अमुक घराण्यात कोणी जाणार असेल तर रात्री रडून सांगणारी स्त्री. तिचं नाव घेऊन २०२२ साली गाजलेला एक चित्रपटही आला. ख्रिस्ताच्या मातेने क्रुसाखाली केलेलं कीन म्हणजे 'तीन मेरींचा विलाप' हे गीत आहे. कॉनेमाराचे गायक जो हिनी यांनी ते अमेरिकेपर्यंत नेलं. डोइरिन नी ग्रीफा यांनी 'अ घोस्ट इन द थ्रोट' या २०२० च्या पुस्तकात मुलांना दूध पाजता पाजता, कपडे धुता धुता आयलीन दुवचा शोध घेतला आहे. एका बाईच्या घरकामातून दुसऱ्या बाईच्या विलापापर्यंत जाणारी ती वाट कीनच्या परंपरेला धरूनच आहे.

मयताच्या रात्रीचा जागर मात्र आयर्लंडमध्ये अजून शाबूत आहे. आजही स्थानिक रेडिओवर मृत्यूची बातमी वाचतात आणि सारं गाव त्या घरी येतं. चहा होतो, सँडविच असतात, जुन्या आठवणी निघतात, कधी हसूही फुटतं. घरची माणसं प्रेताजवळ ओळीने बसलेली असतात आणि येणारा प्रत्येक जण एकेकाचा हात हातात घेऊन एकच छोटं वाक्य म्हणतो, तुमच्यावर ओढवलेल्या या दुःखाचं वाईट वाटतं, एवढ्याच अर्थाचं. त्या वाक्यात मृताचं नाव नसतं, त्याच्या घोडीचा रंग नसतो, बायकोचा आणि बहिणीचा झगडाही नसतो. पण रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते, आणि शेवटच्या माणसाचा हात हातात येईपर्यंत घरच्यांपैकी कोणी जागचं उठत नाही.